तोतारामी कोळी

सुमन नारखेडे १९८१ साली जळगावच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र विभागात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागली. पहिल्याच दिवशी विभागप्रमुख डॉ. बन्सीलाल बोरोले यांनी तिच्यापुढे छापील कार्डांचा गठ्ठा ठेवला आणि म्हणाले, "अक्षर बरं दिसतंय तुझं. आजपासून हे काम तुझं."

कार्डावर इंग्रजीत दोन ओळी छापलेल्या होत्या. महोदय, आपल्या अमुक लेखाची एक प्रत पाठवलीत तर आभारी होईन. अमुकच्या जागी लेखाचं नाव घालायचं, पत्ता लिहायचा, तिकीट लावून टपालात टाकायचं. परदेशी नियतकालिकं कॉलेजच्या ग्रंथालयात येत नसत. कुठे काय छापून आलं याची एक सूची तेवढी यायची, तीही सहा महिने शिळी. सूचीत कामाचं काही दिसलं की थेट लेखकालाच कार्ड टाकायचं. छापणारे लेखकाला त्याच्या लेखाच्या पन्नास-शंभर सुट्या प्रती देत. त्यांना रिप्रिंट म्हणत, आणि मागेल त्याला त्या फुकट पाठवायच्या अशी जगभरची रीत होती.

सुमनला या रीतीचं फार नवल वाटायचं. सावद्याच्या केळीवाल्या घरातली मुलगी ती. घराबाहेर कुणी कुणाला काही फुकट देत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि इथे प्रागहून, मनिलाहून, हवानाहून तपकिरी लिफाफे येत होते. सरांच्या नावाची कार्डं लिहून झाली की ती दोन-चार स्वतःच्या नावानेही टाकायची. सर माशांचे अभ्यासक. तिला ओढ होती कोळ्यांची. म्हणजे जाळं विणणाऱ्या कोळ्यांची नव्हे, पानाच्या पाठीला चिकटून रस शोषणाऱ्या, खसखशीहून बारीक आठपायी किड्यांची. शेतकी खातंही त्यांना कोळीच म्हणायचं.

त्या कोळ्यांवर बुडापेस्टच्या एका संग्रहालयातले डॉ. केरेकेश तीस वर्षं लिहीत होते. सुमनने कार्ड टाकलं तर त्यांचे एकोणीस रिप्रिंट आले, वर हाताने लिहिलेली चिठ्ठी. तिने उत्तरात विचारलं, चौथ्या पायावरचे केस नर आणि मादीत सारखे असतात का? त्यांनी लिहिलं, मला माहीत नाही, तू मोजून सांग.

तिने मोजायला घेतलं. डिसेंबर ब्याऐंशीत वडिलांच्या बागेतल्या केळीच्या पानामागे तिला एक फिकट, जवळजवळ पारदर्शक कोळी सापडला. केरेकेशांच्या एकाही लेखात तो नव्हता. दीड वर्ष ती त्याच्यामागे होती. बत्तीस स्लाइड केल्या, कडा नेलपॉलिशने बंद केल्या, सूक्ष्मदर्शकात बघून एकेक केस मोजत बारा चित्रं काढली. सगळ्या स्लाइड तिने एका लाकडी पेटीत लावल्या. त्याच पेटीत तुलनेसाठी वांग्यावरच्या साध्या लाल कोळ्याच्याही काही स्लाइड ठेवल्या. लेख टाइप करून चित्रांसकट तिने बोरोले सरांच्या टेबलावर ठेवला. नव्या कोळ्याला तिने खानदेशाचं नाव दिलं होतं.

"ठेव," सर म्हणाले. "सवडीने बघतो."

सवड मिळाली नाही. जून चौऱ्याऐंशीत तिची तात्पुरती जागा संस्थेच्या अध्यक्षांच्या, तोताराम आबांच्या, भाच्याला मिळाली. सुमन कपाट रिकामं करायला गेली तेव्हा सर दारात उभे होते. प्रयोगशाळेचा शिपाई झिपरू पेटी उचलायला पुढे झाला.

"त्या किड्यांच्या काचा पण ने," सर म्हणाले. "कचरा ठेवायला जागा नाही इथे."

"आणि माझा लेख, सर?"

"कुठला लेख? हां, तो. सापडला की पाठवतो."

त्याच वर्षी तिचं लग्न झालं. नवरा जीवराम कोल्हे धुळ्याला वीज मंडळात होता. सुमन तिथल्या एका शाळेत सायन्स शिकवायला लागली आणि सुमन जीवराम कोल्हे झाली. केरेकेशांना तिने नवा पत्ता कळवला. रिप्रिंट आता धुळ्याला येऊ लागले.

सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये आलेल्या रिप्रिंटमध्ये, शेवटच्या संदर्भांच्या यादीत, तिला एक ओळ दिसली. बोरोले, १९८६. जळगावच्या केळीवरील कोळ्याची एक नवी जात.

तिने ती ओळ तीनदा वाचली. मग कपाटातून एक कोरं कार्ड काढलं आणि स्वच्छ अक्षरात, मुद्दाम हाताचं वळण बदलून लिहिलं: डॉ. बोरोले, आपल्या लेखाची एक प्रत पाठवलीत तर आभारी होईन. खाली सही, एस. जे. कोल्हे, धुळे.

दहा दिवसांत लिफाफा आला. आपला लेख जळगाव जिल्ह्याबाहेरचं कुणी मागतंय याचाच सरांना आनंद झाला असणार. वर शिक्का होता, 'लेखकाकडून सप्रेम'. आत तिची बारा चित्रं. खालच्या कोपऱ्यातली तिची बारीक सही खोडून टाकलेली. वाक्यंही तिचीच, एके ठिकाणी तिने केलेली स्पेलिंगची चूकसुद्धा तशीच छापली होती. बदललं होतं फक्त नाव. संस्थेच्या अध्यक्षांच्या सन्मानार्थ त्या कोळ्याचं नाव ठेवलं होतं तोतारामी. मूळ स्लाइड कॉलेजच्या संग्रहालयात जतन केल्या आहेत, असंही लिहिलं होतं. आणि अगदी शेवटी, बारीक टायपात, तांत्रिक मदतीबद्दल कु. एस. नारखेडे यांचे आभार.

जीवरामने वाचलं. तो साधा, सरळ माणूस. "पेटी आपल्याकडे आहे ना? मग त्या हंगेरीवाल्याला लिही की सरळ. खरं काय ते कळेल त्याला."

"लिहीन. तो सरांना नम्रपणे विचारेल. सर सांगतील, माझी डेमॉन्स्ट्रेटर होती, आभार मानलेत तिचे. संपलं. त्यांचं काय जाईल?"

"मग तुला काय पाहिजे?"

"त्यांचं जायला पाहिजे," सुमन म्हणाली.

फार वाट बघावी लागली नाही. अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत झिपरू पुतणीच्या लग्नासाठी धुळ्याला आला, तो वाकडी वाट करून तिच्या घरी आला. पाणी पिऊन आपल्या अहिराणीत म्हणाला, "ताई, तुनी ती पेटी कोठे शे? सर बठ्ठा कपाटं धुंडी ऱ्हायनात. परदेशनी तीन पत्रं उनात. माले इचारं, मी सांगं, तुम्हीच लई जावाले सांगं व्हतं."

"मग काय म्हणाले?"

"काई नही. तोंड पडी गयं."

परदेशातून तीन पत्रं आली होती आणि सर सगळी कपाटं शोधत होते; सुमनला एका क्षणात सगळं कळलं. केरेकेश आशियातल्या कोळ्यांवर मोठा ग्रंथ लिहीत होते, हे त्यांनी तिलाही कळवलं होतं. रिप्रिंट मिळाल्यावर त्यांनी मूळ स्लाइड, म्हणजे जिच्यावरून नवी जात ठरवली ती, बघायला मागितली असणार. जगभरचे अभ्यासक मागतातच. ती न मिळाली तर ग्रंथात 'संशयास्पद' असा शेरा पडणार. त्यात कॉलेजच्या प्राचार्यांची जागा पुढच्या वर्षाअखेरीस रिकामी होणार होती आणि बोरोले सर पहिल्या क्रमांकावर होते.

झिपरू गेल्यावर सुमनने पलंगाखालची पेटी ओढून काढली. सत्तावीस नंबरच्या स्लाइडवर तिच्या हाताचं लेबल होतं: मूळ नमुना, मादी, सावदा, १४-१२-८२. त्यावर तिने ओलं फडकं ठेवलं. लेबल सुटून आलं. ते तिने वांग्यावरच्या लाल कोळ्याच्या स्लाइडवर नीट चिकटवलं, अंगठ्याने दाबलं आणि खिडकीत सुकायला ठेवलं.

पुढच्या रविवारी झिपरूला घर विचारून सर आले. दारावरची पाटी वाचून ते घुटमळले.

"कोल्हे... हा पत्ता मी कुठेतरी लिहिलाय."

"लिहिलाय, सर. मला प्रत पाठवली होती तुम्ही. सप्रेम." तिने खुर्ची पुढे केली. "बसा. चहा टाकते."

सर बसले. चहा येईपर्यंत त्यांनी भिंतीवरची दिनदर्शिका दोनदा वाचली असेल. मग त्यांनी घसा साफ केला. "हे बघ सुमन, तू निघून गेलीस. लेख तसाच पडला असता. मी छापला म्हणून तर काम जगापुढे आलं. तुझे आभारही मानलेत मी."

"वाचले."

"पुढच्या लेखात तुझं नाव माझ्या बरोबरीने घालू. शिवाय विभागात जागा निघणार आहे. मी प्राचार्य झालो तर ती कुणाला द्यायची हे माझ्या हातात असेल."

"तुम्हाला काय पाहिजे, सर?"

तिला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यांनी कप बशीत ठेवला. "ती पेटी."

"पेटी नाही मिळायची. बाकीच्या स्लाइडवर माझं काम चालू आहे." हे खोटं होतं. "एक देते. मूळ नमुना. तेवढाच पाहिजे ना त्यांना?"

तिने खिडकीतली स्लाइड आणून त्यांच्या हातात दिली. सरांनी चष्मा वर करून लेबल वाचलं. काच उजेडाकडे धरली. काचेच्या मधोमध जो ठिपका होता तो तोतारामी आहे की वांग्यावरचा, हे कळायला सूक्ष्मदर्शक लागला असता, आणि त्याहून जास्त म्हणजे कधीतरी त्यात डोळा लावून कोळी बघितलेला असावा लागला असता. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. एकदा जरी त्यांनी विचारलं असतं, 'हीच ना?' तर आपण काय सांगितलं असतं, हे तिला पुढे कधीच ठरवता आलं नाही. सरांनी विचारलं नाही. स्लाइड रुमालात गुंडाळून त्यांनी खिशात ठेवली.

"हाताखाली काम करणाऱ्या माणसाने मन मोठं ठेवावं," जाताना ते म्हणाले.

"हो सर. जपून न्या."

एकोणनव्वदच्या सप्टेंबरमध्ये बुडापेस्टचा लिफाफा आला. केरेकेशांचं दोन पानी टिपण होतं. भाषा अतिशय सभ्य होती. लेखकाने पाठवलेला मूळ नमुना आपण तपासला. तो जगभर आढळणारा सामान्य लाल कोळी आहे. लेखातली चित्रं या नमुन्याशी जुळत नाहीत. ती कशावरून काढली हे सांगता येत नाही. म्हणून ही जात ग्राह्य धरता येत नाही.

सुमन टिपण घेऊन तशीच आग्रा रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली.

"किती प्रती, बाई?"

"सत्तर."

"सत्तर? परीक्षेचं आहे का काही?"

"हो. परीक्षेचंच आहे."

नागपूरपासून कोल्हापूरपर्यंतच्या सगळ्या प्राणिशास्त्र विभागांचे पत्ते तिला पाठ होते. तिनेच तर कधीकाळी त्यांची यादी टाइप केली होती. दोन दुपारी बसून तिने पाकिटं भरली. सोबत चिठ्ठी नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही. एक प्रत तिने तोताराम आबांना पाठवली आणि त्यांना कळावं म्हणून समासात मराठीत लिहिलं: 'आपल्या नावाचा कोळी म्हणजे वांग्यावरची कीड आहे.' त्या संध्याकाळी तिने मुद्दाम वांग्याचं भरीत केलं. जीवराम म्हणाला, आज झकास झालंय. तिने त्याला आणखी वाढलं.

पुढचं तिला झिपरूकडून कळत गेलं. आबांनी सरांना बंगल्यावर बोलावून घेतलं आणि पाऊण तास व्हरांड्यात उभं ठेवलं. प्राचार्यपद दुसऱ्यालाच गेलं. पुण्याच्या एका चर्चासत्रात सर बोलायला उठले तर मागून कुणीतरी विचारलं, सर, मासा आहे ना हा, की वांगं? एकदा वर्गाच्या फळ्यावर पोरांनी वांग्याचं चित्र काढून त्याला आठ पाय काढले. सर त्या चित्राकडे पाठ करून पूर्ण तास शिकवत राहिले, पण फळा काही त्यांनी पुसला नाही. फसवणूक झाली म्हणावं तर आपल्याला कोळी ओळखता येत नाही हे कबूल करावं लागणार होतं.

"वाईट दिखस, ताई," झिपरू म्हणाला होता. "एकला डबा खातस."

"खाऊ दे," सुमन म्हणाली.

ती सुखात होती. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. चार-साडेचार वर्षं, वर्गात शिकवताना, भाजी निवडताना, मधूनच तिला तो व्हरांडा आठवायचा आणि बरं वाटायचं. केरेकेशांना ती पूर्वीसारखीच पत्रं लिहायची. तोतारामीचा विषय त्यांनी काढला नाही, तिनेही नाही.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात पोस्टमन लोटन सायकलवर दोन खेपा करून अकरा पार्सलं घेऊन आला. "बाई, दुकान टाकताय का?" त्याने घाम पुसत विचारलं. कापडात शिवलेली पार्सलं होती. पत्र वेगळं होतं. केरेकेश निवृत्त झाले होते. डोळे अधू झाले होते, संग्रहालयाला जागेची अडचण होती. 'चाळीस वर्षांत जमवलेले कोळ्यांवरचे सगळे रिप्रिंट तुम्हाला पाठवतो आहे. इथे त्यांना कुणी विचारणारं नाही. चौथ्या पायावरच्या केसांबद्दल मला तुमच्याशिवाय कुणीच विचारलं नाही.'

सुमन आणि जीवराम आठवडाभर पार्सलं सोडत होते. प्रत्येक देशाची वेगळी फाइल, प्रत्येक लेखावर पेन्सिलीने टिपा. 'संशयास्पद' असं लिहिलेल्या फाइलीत तिला बोरोल्यांचा लेख सापडला. तिच्या बाराही चित्रांवर बारीक आकडे होते. म्हाताऱ्याने एकेक केस मोजला होता. तारखा घातल्या होत्या. साडेतीन महिने तो त्याच लेखाशी झगडत होता. शेवटच्या चित्राखाली लिहिलं होतं: 'हे कल्पनेने काढता येणार नाही. ज्याने काढलं त्याने हा प्राणी बघितला आहे. मग ही स्लाइड का? माझी कुठे चूक होते आहे?'

ती फाइल मांडीवर घेऊन बसून राहिली. जीवरामने काय झालं विचारलं, तर तिने ते शेवटचं चित्र त्याच्यापुढे धरलं.

"बोरोल्यांना बुडवायला मी या माणसाचा हात वापरला," ती म्हणाली. "आणि तो स्वतःची चूक शोधत बसला."

"मग सांग आता."

"सांगितलं तर सर सुटतात."

"ते आहेच," जीवराम म्हणाला आणि पुढचं पार्सल सोडायला लागला.

तिने महिना घेतला. मग पत्र लिहिलं, लेबल कसं काढलं आणि कुठे चिकटवलं तेही लिहिलं, आणि कापसात गुंडाळून सहा खऱ्या स्लाइड पाठवल्या. लेखावर आपलं नाव यावं अशी मागणी केली.

उत्तर दुसऱ्याच कुणाच्या तरी हाताने लिहिलेलं होतं; केरेकेशांनी तोंडी सांगितलं होतं. जात नवीच आहे. आपण दुरुस्ती छापत आहोत. स्लाइड कुणी केल्या, चित्रं कुणी काढली, प्राणी कुणाला सापडला, हे तीत स्पष्ट असेल. पण नामकरणाचा नियम असा की जे नाव आधी छापून आलं तेच टिकतं आणि त्यापुढे छापणाऱ्याचंच नाव लागतं. म्हणजे तोतारामी, बोरोले, १९८६. हे बदलणं कुणाच्याच हातात नाही. आणि खाली आणखी दोन ओळी होत्या. 'जिची चोरी झाली त्या मुलीवर माझा राग नाही. जिने खोटं लेबल लावलं त्या अभ्यासकावर आहे.'

त्यानंतर त्यांचं पत्र आलं नाही. तिने दोनदा लिहिलं. एकदा पोच तेवढी आली.

दुरुस्ती पंचाण्णवमध्ये छापून आली. सुमन कोल्हे हे नाव पहिल्यांदा छापील कागदावर आलं, ते असं. तिने या दुरुस्तीच्या झेरॉक्स काढल्या नाहीत. बोरोल्यांनी मात्र काढल्या असाव्यात, कारण जात खरी ठरली म्हणून कॉलेजात त्यांचा सत्कार झाला. वृद्ध तोताराम आबांनी स्वतः हार घातला. दुरुस्तीतला सुमनबद्दलचा परिच्छेद कुणी वाचून दाखवला की नाही, ते झिपरूला सांगता आलं नाही. सुमन दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने केरेकेशांच्या फाइली पुन्हा लावायला घेतल्या. वर्षभरात तिला अकोल्याहून, इंदूरहून कार्डं येऊ लागली. ती हवे ते लेख झेरॉक्स करून पाठवायची, पाकिटावर ठळक अक्षरात स्वतःचं नाव घालून.

शहाण्णवच्या मे महिन्यात भुसावळला एका लग्नात बोरोले सर समोर आले. निवृत्त झालेले, जरा वाकलेले, अंगात नवा कोट. आजूबाजूला चार माणसं होती.

"सुमन," ते मोठ्याने म्हणाले, "शेवटी सत्यच वर आलं बघ. माझ्या मनात काही नाही हं. तुला मी माफ केलंय."

माणसं कौतुकाने बघायला लागली. सुमनने पदर खांद्यावर नीट घेतला.

"सर, एक विचारू? त्याच्या चौथ्या पायावर केस किती?"

"काय?"

"तोतारामीच्या. तुमच्या कोळ्याच्या. चौथ्या पायावर."

सरांनी हसायचा प्रयत्न केला. शेजारचा माणूस हसला नाही. तोही त्यांच्या तोंडाकडे बघू लागला. मांडवात पंखा घरघरत होता. तिने पुरेशी वाट बघितली, घाई केली नाही.

"नऊ," ती म्हणाली, आणि बायकांच्या पंगतीत जाऊन बसली.